शिकागो: उलट्या वाहणाऱ्या नदीचं शहर

भारतातून अमेरिका बघायला येणाऱ्या मंडळींच्या यादीत न्यूयॉर्क असतं, नायगारा असतो, मुलं बरोबर असतील तर डिस्नेही असतं. शिकागोच्या वाट्याला येतात ते विमान बदलण्यापुरते चार तास. फार तर "विवेकानंदांचं भाषण झालं ते हेच ना?" एवढी चौकशी होते. मला मात्र कोणी विचारलं, की इंजिनिअर माणसानं अमेरिकेतलं एकच शहर बघायचं असेल तर कुठलं बघावं, तर मी क्षणाचाही विचार न करता शिकागो म्हणेन. कारण सरळ आहे. हे शहर जिथं आहे तिथं शहर वसवावं अशी जमीनच नव्हती. दलदल होती. माणसांनी ती जमीन उचलली, नदी फिरवली, आकाशाकडे घरं चढवली. आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक पराक्रमाचं बिल दुसऱ्याच कोणाच्या तरी दारात जाऊन पडलं. या दोन्ही गोष्टी एकत्र बघितल्या तरच शिकागो समजतं, असं माझं मत आहे.

सुरुवात होते एका नगण्य उंचवट्यापासून. मिशिगन सरोवराच्या पश्चिमेला काही मैलांवर जमीन जेमतेम दहा-पंधरा फूट वर येते. गाडीतून जाताना हा चढ कळतही नाही. पण याच्या पूर्वेला पडलेला पावसाचा थेंब सरोवरांमधून आणि सेंट लॉरेन्स नदीतून अटलांटिकला जायचा, तर पश्चिमेला पडलेला मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताला. आपल्या महाबळेश्वरावरून कृष्णा पूर्वेला जाते आणि सावित्री पश्चिमेला, तसलाच प्रकार. फक्त इथं सह्याद्री नाही, चिखल आहे! इथल्या मूळ रहिवाशांना ही वाट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. होडी खांद्यावर घेऊन थोडं अंतर चाललं, की एका नदीच्या खोऱ्यातून दुसरीच्या खोऱ्यात उतरता यायचं. १६७३ मध्ये जॉलिए आणि मार्केट हे दोन फ्रेंच प्रवासी याच वाटेनं आले आणि इथं एक छोटा कालवा खणला तर काम होईल, हे जॉलिएच्या तेव्हाच लक्षात आलं. शहराचं नावही मूळ भाषांतलंच, तिथं उगवणाऱ्या एका रानटी कांद्या-लसणीवरून पडलेलं. १७८० च्या दशकात ज्याँ बातीस्त डू सॅबल या कृष्णवर्णीय व्यापाऱ्यानं नदीच्या मुखाशी घर बांधलं. बाहेरून येऊन इथं कायमचा राहिलेला हा पहिला माणूस. १८३३ च्या तहानं पोटावाटोमी लोकांना आपली जमीन सोडून मिसिसिपीच्या पलीकडे जावं लागलं, आणि त्याच वर्षी साडेतीनशेच्या आसपास वस्तीचं शिकागो हे ‘गाव’ झालं. पुढं १८९० च्या जनगणनेत इथं ११ लाख माणसं होती. साडेतीनशेचे ११ लाख, ५७ वर्षांत!

हे कसं झालं याचं उत्तर बरंचसं १८४८ या एका वर्षात सापडतं. जॉलिएच्या मनातला तो कालवा त्या वर्षी ९६ मैल लांबीचा होऊन सुरू झाला. न्यूयॉर्ककडून ईरी कालवा १८२५ पासूनच सरोवरांपर्यंत येत होता, त्यामुळे आता न्यूयॉर्कपासून न्यू ऑर्लीन्सपर्यंत पाण्यावरून माल जाऊ लागला. त्याच वर्षी शिकागोतून पहिली रेल्वे धावली आणि त्याच वर्षी धान्य व्यापाऱ्यांनी ‘शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड’ स्थापन केलं.

या बोर्डानं जे केलं ते मला तरी वाफेच्या इंजिनाइतकंच क्रांतिकारक वाटतं. त्याआधी गहू म्हणजे अमक्या शेतकऱ्याचं पोतं. मार्केट यार्डात जसं पोत्यात हात घालून, दाणे तळहातावर घेऊन भाव ठरतो, तसंच. पण रेल्वेनं इतका गहू येऊ लागला, की पोती मोजणं अशक्य झालं. मग गव्हाच्या प्रती ठरवल्या, एका प्रतीचा सगळ्यांचा गहू एकाच उंच कोठारात ओतायचा आणि शेतकऱ्याला पावती द्यायची. झालं! पावती हीच गहू बनली. पावती विकता येऊ लागली, मग अजून न पिकलेल्या गव्हाची पावतीही विकता येऊ लागली आणि १८६५ मध्ये वायदे बाजाराचे ठरावीक साच्यातले करार आले. पुढं १९३० मध्ये बांधलेल्या बोर्डाच्या इमारतीच्या टोकावर धान्यदेवता सिरीस उभी आहे. तिला चेहराच नाही. इतक्या उंचावरचा चेहरा कोणाला दिसणार, असा विचार शिल्पकारानं केला म्हणे. मला मात्र ती या बाजाराची अगदी योग्य देवता वाटते. ज्या बाजारात शेतकऱ्याचं तोंड दिसत नाही, तिथल्या देवीला तरी चेहरा कशाला? आणि हा विषय आपल्यापासून लांबचा नाही बरं का. आजही मराठवाड्यातल्या सोयाबीनच्या भावाची बातमी वाचा, त्यात ‘सीबॉटवर सोयाबीन इतके डॉलर प्रति बुशेल’ असं वाक्य भेटतंच. ते सीबॉट म्हणजे हेच बोर्ड, २००७ पासून सीएमई या शिकागोच्याच दुसऱ्या बाजारात विलीन झालेलं. रंगीत जाकिटं घालून हातवारे करत ओरडणारे दलाल मात्र आता दिसायचे नाहीत. २०१५ मध्ये वायद्यांचे बहुतेक सौदे-कट्टे बंद झाले. आता सौदे संगणकच करतात, न ओरडता.

पैसा आला, पण पायाखाली चिखल तोच. जमीन सरोवराच्या पातळीहून जेमतेम वर, त्यामुळे सांडपाणी वाहून न्यायला उतारच नव्हता. पटकी, हगवण नेहमीचीच. १८५५ मध्ये एलिस चेसब्रो नावाच्या इंजिनिअरला बोलावलं. त्यानं सांगितलं, की जमीन खाली खणता येत नसेल तर गटारं जमिनीच्या वर बांधू आणि शहर त्यांच्यावर उचलू. लोकांनी त्याला वेड्यात काढलं नाही, हेच आश्चर्य. गटारं रस्त्यावर घातली, त्यांच्यावर भराव टाकला. मग रस्ते वर आणि घरं खड्ड्यात, म्हणून घरंही उचलायची ठरलं. १८६० मध्ये लेक स्ट्रीटवर ३२० फूट लांबीची दुकानांची अख्खी रांग, अंदाजे ३५ हजार टन वजनाची, ६०० माणसांनी ६ हजार स्क्रू-जॅक फिरवून पाच दिवसांत ४ फूट ८ इंच वर घेतली. शिट्टी वाजली की प्रत्येकानं आपल्या वाटणीचे जॅक थोडेसे फिरवायचे. आणि हे चालू असताना वर दुकानं उघडी होती, गिऱ्हाइकं येत-जात होती! आपल्याकडे एक ड्रेनेजची लाइन टाकायची तर रस्ता वर्षभर बंद असतो, ही आठवण इथं आल्यावाचून राहत नाही.

असो. उचललेलं हे शहर बहुतांश लाकडाचं होतं, अगदी पदपथसुद्धा. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री आग लागली ती १० तारखेपर्यंत धुमसत होती. सुमारे ३०० माणसं मेली, १ लाख बेघर झाली. मिसेस ओ'लिअरीच्या गाईनं कंदिलाला लाथ मारली ही गोष्ट अमेरिकेतल्या शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. ती पिकवलेली होती. बाई गरीब, आयरिश आणि कॅथलिक, तेव्हा दोष टाकायला सोयीची. महापालिकेनं तिला (आणि गाईला) रीतसर दोषमुक्त केलं ते १९९७ मध्ये. गोठ्याच्या जागेवर आज अग्निशमन दलाची प्रशिक्षण अकादमी आहे, याला काय म्हणावं!

जळालेल्या शहराचा राडारोडा सरोवरात ढकलला, त्यावर आजच्या ग्रँट पार्कचा काही भाग उभा आहे. आणि मोकळ्या झालेल्या, प्रचंड महागलेल्या जागेवर वास्तुविशारदांची एक पिढीच आली. १८८५ मध्ये विल्यम ल बॅरन जेनीनं होम इन्शुरन्स बिल्डिंग बांधली. दहाच मजले, पण भार भिंतींऐवजी मुख्यतः लोखंडी-पोलादी सांगाड्यावर. गगनचुंबी इमारतींची वंशावळ सहसा इथूनच सांगतात. ती इमारत १९३१ मध्ये पाडली. तिचे वंशज मात्र जगभर आहेत.

त्यातला सगळ्यात थोर वंशज सीअर्स टॉवर, २००९ पासून विलिस टॉवर (शिकागोकर अजून सीअर्सच म्हणतात). ११० मजले, ४४२ मीटर, १९७४ ते १९९८ पर्यंत जगातली सर्वात उंच इमारत. तिचा स्ट्रक्चरल इंजिनिअर फजलूर रहमान खान. ढाक्यात जन्मलेला आणि १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर इलिनॉयला शिकायला आलेला आपल्या उपखंडातला माणूस. खूप उंच इमारतीला वजनापेक्षा वाऱ्याचा त्रास जास्त असतो. आत खांबांचं जंगल वाढवत गेलं तर पोलाद परवडत नाही. खाननं ताकद बाहेरच्या भिंतीत आणली आणि पूर्ण इमारत म्हणजे एक पोकळ नळी केली. सीअर्स टॉवर म्हणजे प्रत्येकी ७५ फूट बाजूच्या नऊ चौकोनी नळ्यांची जुडी. एक काडी सहज मोडते, जुडी मोडत नाही, हे आपल्याला लहानपणी गोष्टीत सांगतात तेच. यातल्या दोन नळ्या ५० व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या, आणि शेवटच्या दोनच वर जातात. म्हणून ती इमारत पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. पाहुणे १०३ व्या मजल्यावरच्या काचेच्या पेटीत उभं राहून फोटो काढतात. मी त्यांना आधी खाली, कोपऱ्यावरची खानच्या नावाची पाटी दाखवतो.

आता शहराच्या दक्षिणेकडे जाऊ. १८६५ च्या नाताळात इथं युनियन स्टॉकयार्ड्स उघडले. पश्चिमेकडून जिवंत गुरं रेल्वेनं यायची आणि बर्फाच्या वाघिणींतून मांस होऊन पूर्वेला जायची. वर टांगलेलं जनावर सरकत जायचं आणि प्रत्येक कामगार एकच काप घ्यायचा. हेन्री फोर्डनं पुढं लिहून ठेवलं, की मोटारींच्या जुळणीची कल्पना त्याला इथल्या टांगत्या साखळीवरून सुचली. इथं जे सुटं व्हायचं ते तिथं जोडलं जाऊ लागलं, इतकाच फरक. काम करणारे आयरिश, जर्मन, पोलिश, लिथुएनियन; पहिल्या महायुद्धापासून दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीयही. १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरनं ‘द जंगल’ ही कादंबरी लिहिली ती या कामगारांची कणव यावी म्हणून. वाचकांना कळवळा आला तो आपल्या ताटातल्या मांसाचा, आणि त्याच वर्षी अन्नशुद्धतेचे कायदे झाले. यार्ड्स १९७१ मध्ये बंद झाले. एक दगडी कमान तेवढी उरली आहे.

कामगारांची हकीकत निघालीच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. १ मे ही तारीख आपल्याला महाराष्ट्र दिन म्हणून सुट्टीची, शिवाय कामगार दिनाची. तो कामगार दिन इथला. १ मे १८८६ ला आठ तासांच्या कामासाठी देशभर संप झाला, त्याचं केंद्र शिकागो. ३ तारखेला मॅकॉर्मिकच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळीबार केला आणि ४ तारखेला हेमार्केटच्या निषेधसभेत कोणीतरी बॉम्ब टाकला. सात पोलीस आणि किमान चार नागरिक मेले. बॉम्ब कोणी टाकला हे कधीच सिद्ध झालं नाही, तरी चौघांना फाशी झाली. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये राज्यपालानं खटलाच अन्यायाचा होता असं सांगून माफी दिली. गंमत म्हणा किंवा खेद म्हणा, अख्खं जग पाळतं ती १ मे ची सुट्टी खुद्द शिकागोत नाही. अमेरिकेचा कामगार दिन सप्टेंबरात असतो. हेमार्केटच्या जागी २००४ पासून एक शिल्प आहे. गिरणगावातून आलेल्या कोणीही तिथं पाच मिनिटं उभं राहावं.

दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीयांना शहरानं काम दिलं, घर मात्र ठरावीक पट्ट्यातच. १९१९ मध्ये सरोवरात पोहणारा एक मुलगा ‘गोऱ्यांच्या’ किनाऱ्याकडे वाहत गेला, त्याच्यावर दगड मारले गेले, तो बुडाला. त्यातून उसळलेल्या दंगलीत ३८ माणसं मेली. त्या पट्ट्याच्या खुणा आजही नकाशावर दिसतात. पर्यटकांचं चकचकीत शिकागो आणि पलीकडचं शिकागो यांच्यात काही मैलांचंच अंतर आहे, पण बरेच शिकागोकर ते आयुष्यात ओलांडत नाहीत.

आता नदी. चेसब्रोची गटारं नदीत पडायची, नदी सरोवरात, आणि पिण्याचं पाणी सरोवरातूनच. यावर उपाय म्हणून सरोवराखालून दोन मैल लांब बोगदा खणून दुरून पाणी आणलं (१८६७), पण घाणही पुढं सरकत गेली. खाटीकखान्यांचा कचरा ज्या फाट्यात पडायचा त्यात कुजून इतके बुडबुडे यायचे, की त्याचं नावच ‘बबली क्रीक’ पडलं. १८८५ च्या साथीत शहरातली ९० हजार माणसं मेली असं अनेक पुस्तकांत छापलेलं आढळतं, ते धादांत खोटं आहे, अशी साथ झालीच नाही. खरा वैरी विषमज्वर. १८९१ या एका वर्षात त्यानं जवळजवळ २ हजार माणसं नेली. तेव्हा ठरलं, की नदीच उलटी फिरवायची. तो सुरुवातीचा नगण्य उंचवटा आठवतो ना? तो कापून २८ मैलांचा कालवा खणायचा, त्याचा तळ नदीहून खाली ठेवायचा, म्हणजे सरोवराचं स्वच्छ पाणी नदीत शिरेल आणि सगळी घाण घेऊन मिसिसिपीकडे जाईल.

१८९२ ते १९०० हे काम चाललं. इथं वापरलेली यंत्रं आणि इथं तयार झालेली माणसं पुढं पनामा कालव्यावर उपयोगी पडली. २ जानेवारी १९०० ला, कोर्टाचा मनाई हुकूम यायच्या आत, भल्या सकाळी घाईघाईनं बांध फोडून पाणी सोडलं गेलं. घाई कशाची? खालच्या अंगाला सेंट लुईस होतं! ‘तुमची घाण आमच्या पिण्याच्या पाण्यात’ म्हणून मिसूरी राज्य त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात गेलं. पाहणीसाठी विशिष्ट जंतूंची १०७ पिंपं कालव्यात ओतली होती. त्यातला एक जंतू महिन्याभरानं सेंट लुईसला सापडल्याचं सांगण्यात आलं. १९०६ मध्ये न्यायालयानं मिसूरीचा दावा फेटाळला. पुरावा पुरेसा नव्हता, आणि शिवाय मिसूरीची स्वतःची गावंही त्याच नदीत घाण सोडत होती. म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या खालच्याकडे पाणी सोडायचं आणि वरच्याच्या नावानं ओरडायचं. पाणीतंटे बघत मोठ्या झालेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

पण पाण्याचा हिशेब कोर्टात संपत नाही. सरोवरातून किती पाणी घ्यायचं यावर शेजारच्या राज्यांनी भांडून मर्यादा आणली. १९६७ च्या निवाड्यानुसार ती सेकंदाला ३,२०० घनफूट. नुसतं पाणी मिसळून घाण वाहवणं जमेना, तेव्हा प्रक्रिया केंद्रं बांधावी लागली. शहर सिमेंटचं झाल्यावर पाऊस गटारांत मावेना, म्हणून १९७५ पासून जमिनीखाली १५० ते ३०० फूट खोल १०९ मैलांचे बोगदे खणले, ते २००६ मध्ये पूर्ण झाले. त्यांच्या जोडीचे मोठाले जलाशय थॉर्नटनला २०१५ मध्ये आणि मकुकला २०१७ मध्ये (पहिला टप्पा) सुरू झाले. आणि कालव्यानं दोन खोरी जोडली ती जोडलीच. मिसिसिपीतले आगंतुक आशियाई कार्प मासे आता त्याच वाटेनं सरोवराकडे यायला बघतात. त्यांना अडवायला २००२ पासून कालव्याच्या पाण्यात विजेचं कुंपण आहे. निसर्गानं ठेवलेला चिखलाचा दहा-पंधरा फुटांचा बांध आपण फोडला आणि त्याच्या जागी विजेचा घातला. त्याचं बिल दर महिन्याला येतं.

तर मंडळी, शिकागोला याल तेव्हा निदान तीन दिवस काढा, आणि मे ते ऑक्टोबर या काळात या. पहिल्या दिवशी नदीतून वास्तुकलेची बोटफेरी घ्या. मिलेनियम पार्कातला चकाकता ‘क्लाउड गेट’ (लोकांच्या तोंडी ‘बीन’) मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचा आहे. शेजारच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीतच ११ सप्टेंबर १८९३ ला सर्वधर्म परिषद उघडली. तिथल्या जिन्याच्या पायऱ्यांवर २०१० मध्ये मुंबईच्याच जितीश कल्लाटनं विवेकानंदांच्या त्या भाषणाचे शब्द दिव्यांनी लिहिले होते. भारतीय जेवणाची आठवण झाली तर डेव्हन अव्हेन्यूला जा. एकाच रस्त्याच्या तुकड्यांना गांधी, जिना आणि शेख मुजीब यांची नावं आहेत, आणि सगळीकडे बिर्याणी मिळते!

शेवटी नदीच्या मुखाशी असलेल्या लॉकगेटपाशी जा. दारं बंद होतात, बोटी दोन-तीन फूट वर-खाली होतात, दुसरी दारं उघडतात. बघायला फारसं काही नाही. पण सरोवर उंच आणि नदी सखल, हा शंभराहून अधिक वर्षं टिकवलेला उलटा हिशेब तिथं डोळ्यांना दिसतो. २०२५ च्या सप्टेंबरात याच नदीत जवळजवळ शंभर वर्षांनी पहिल्यांदा जाहीर पोहण्याची स्पर्धा झाली. नदी फिरवायला आठ वर्षं लागली होती. ती माणसानं पोहावं इतकी स्वच्छ करायला सव्वाशे लागली, कारण मधली बरीच वर्षं घाण ‘गेली’ असंच सगळे समजत होते. ती कुठं जात नसते, फक्त पुढच्या गावाला पोचते. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं कुठलाही नकाशा काढण्याआधी त्या पुढच्या गावाचं नाव आधी लिहून ठेवावं, एवढं या शहराकडून शिकण्यासारखं आहे.